उरलेलं पॉम्पेई मातीतच राहू द्या

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या इटलीतल्या रोमन शहरात काही नवं सापडलं की त्याची बातमी दोन-चार दिवस आपल्याकडेही फिरते. २०२३ मध्ये पिझ्झ्यासारखी दिसणारी पोळी रंगवलेलं भित्तिचित्र फिरलं, २०२४ मध्ये काळ्या भिंतींचं मेजवानीचं दालन, २०२५च्या सुरुवातीला कुणा धनिकाचं खासगी स्नानगृह. पाठोपाठ ठरलेला वाद येतो. एक बाजू म्हणते, एक तृतीयांश शहर अजून मातीखाली आहे, मग ही मंडळी ते बाहेर का काढत नाहीत? आळस, पैशाची चणचण, की सरकारी कारभार सगळीकडे सारखाच? दुसरी बाजू हळवी होते: माणसं तिथे गुदमरून मेली, आता तरी त्यांना निवांत पडू द्या. पहिल्या बाजूला उत्खनन म्हणजे पेटीचं झाकण उघडण्याइतकं सोपं आणि निरुपद्रवी वाटतं. दुसरी बाजू योग्य निष्कर्षाला चुकीच्या वाटेने पोचते. माझं मत सुरुवातीलाच सांगते. उरलेलं पॉम्पेई खणू नये. एखादी भिंत ढासळायला आली असेल, चोर आधीच आत पोचले असतील किंवा एखाद्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कोणत्याच मार्गाने मिळत नसेल, तर तिथे आणि तेवढंच खणावं.

हे शहर किती मोठं आहे ते चालल्याशिवाय कळत नाही. तटबंदीच्या आतला भाग साधारण ६६ हेक्टर. त्यातला ४४च्या आसपास उघडा, बाकीचा मातीत. मरिना दरवाज्याचा चढ चढून फोरमच्या चौकात यावं आणि तिथून आबोंदान्झा रस्ता धरून पूर्वेकडे चालत राहावं. फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, रस्ता ओलांडायला मधोमध बसवलेले उंच दगड, कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याचे हौद, खाणावळींच्या ओट्यांत बसवलेल्या मडक्यांची गोल तोंडं. आणि कितीतरी दारांना कुलूप. जाळीला नाक लावून आत बघावं तर उडालेला तांबडा रंग, टेकू लावलेली भिंत, जमिनीत उगवलेलं गवत. आणखी पुढे गेलं की रस्त्याच्या डाव्या हाताला काही ठिकाणी दुकानांची दर्शनी भिंत तेवढी उभी दिसते आणि तिच्या मागे माती जशीच्या तशी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विट्टोरिओ स्पिनाझोला यांनी या रस्त्याची दोन्ही तोंडं उघडली. अनेक घरांच्या आत मात्र ते शिरलेच नाहीत. आमच्या गटातले एक काका तिथे थांबले आणि म्हणाले, ‘एवढं केलं, मग अर्ध्यात का सोडलं?’ वादातला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तर शोधायला १७४८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी नेपल्सच्या बुर्बों घराण्यातल्या राजाच्या हुकुमावरून इथे खोदकाम सुरू झालं. प्रमुख होता रोके होआकिन दे अल्कुबिएरे, लष्करातला इंजिनिअर. राजाला हवे होते पुतळे, भांडी, चित्रं. खड्डा खणायचा, चांगलं दिसेल ते उचलायचं, खड्डा पुन्हा बुजवायचा, पुढे सरकायचं. भित्तिचित्रं चौकोनात कापून पोर्तिचीच्या राजवाड्यात नेली गेली आणि मागे राहिलेली काही दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून फोडून टाकली. शेजारच्या, त्याच स्फोटात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावात तर भिंतीवरच्या शिलालेखाची ब्राँझची अक्षरं मजकूर उतरवून न घेताच उपटली आणि टोपलीत भरून राजाकडे पाठवली, असं त्या काळचा जर्मन कलाइतिहासकार विंकेलमान याने लिहून ठेवलं आहे. ओळ काय होती? टोपलीतल्या अक्षरांवरून कोण सांगणार? आपण जे खणतोय ते पॉम्पेई आहे हेसुद्धा या लोकांना १७६३ मध्ये एक कोरीव लेख सापडल्यावर समजलं. अल्कुबिएरेला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण तो त्याच्या काळाच्या रीतीने, राजाने दिलेलं काम चोख करत होता. प्रत्येक पिढीतल्या खणणाऱ्याबद्दल हेच म्हणता येतं आणि म्हणूनच मला काळजी वाटते.

जुझेप्पे फिओरेल्ली यांचंच बघा. पॉम्पेईच्या इतिहासात यांच्याइतका आदर दुसऱ्या कुणाला मिळत नाही आणि तो योग्यच आहे. रस्त्यावरून घरात शिरण्याऐवजी वरून थराथराने खाली उतरायची शिस्त त्यांनी लावली, शहराची विभाग आणि घरांच्या गटांत मांडणी केली, येणाऱ्यांना तिकीट लावलं. १८६३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध युक्ती वापरली. घट्ट झालेल्या राखेत माणसाचं शरीर कुजून गेलं की त्याच्या आकाराची पोकळी उरते; त्या पोकळीत ओलं प्लास्टर ओतलं आणि कडा मोकळ्या केल्या, तर मरतानाचा माणूस कपड्याच्या चुण्यांसकट समोर उभा राहतो. आज पॉम्पेई म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती हीच शरीरं. आता हिशेब करा. १७४८ पासून १८६३ पर्यंत ११५ वर्षं फावडी चालत होती. त्या काळात कुदळीखाली अशा किती पोकळ्या फुटल्या असतील? पोकळीला अर्थ आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती फोडताना कुणाला काही वाटण्याचं कारणही नव्हतं.

आणि फिओरेल्लींची युक्ती तरी शेवटची होती का? १९७४ मध्ये एका घराच्या जिन्याखाली मिळालेल्या ठशांमधली मोठी व्यक्ती, हातात सोन्याचं जड कडं, मांडीशी मूल. साहजिकच ती आई ठरली. पन्नास वर्षं वाटाड्यांनी ही आई-मुलाची गोष्ट सांगितली, ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले. २०२४ मध्ये हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला: ती व्यक्ती पुरुष होती आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. ही तपासणी करताना शास्त्रज्ञांना प्लास्टरमध्ये मिसळलेल्या, ठिसूळ झालेल्या हाडांच्या तुकड्यांवर भागवावं लागलं. जी पद्धत १८६३ मध्ये चमत्कार होती, तीच १६० वर्षांनी पुढच्या पद्धतीच्या आड आली.

इथे विरोधकांचा सगळ्यात धारदार मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. ते म्हणतात, उद्याचं तंत्र आजच्यापेक्षा चांगलंच असणार. मग या न्यायाने कधीच खणायला नको. फिओरेल्लींनीही हाच विचार केला असता तर आज प्लास्टरची माणसं नसती. बरोबर आहे. ‘भविष्यासाठी थांबा’ हा युक्तिवाद ताणला तर त्याला अंत नाही. पण पॉम्पेईत कुणी शून्य खणायला सांगत नाहीये. दोन तृतीयांश शहर आधीच बाहेर आहे. एका जागेचा एवढा मोठा नमुना हातात असताना पुढच्या प्रत्येक हेक्टरमागे मिळणारं नवं ज्ञान कमी आणि गमावण्याजोगं जास्त होत जातं. शहराचा वीसावा हिस्साच उघडा असता तर मीही आणखी खणा म्हटलं असतं. खणण्याचं समर्थन करण्याची जबाबदारी खणू पाहणाऱ्यावर आहे. ‘बघूया तरी काय निघतं’ हे अल्कुबिएरेच्या राजाचं समर्थन होतं.

थांबण्याचं फळ मिळतं याचा पुरावा शेजारीच आहे. हर्क्युलेनियमच्या एका प्रासादात १७५०च्या दशकात जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर लिहिलेल्या ग्रंथांच्या, शेकडो गुंडाळ्या मिळाल्या. सुरुवातीला त्या चाकूने उभ्या चिरल्या गेल्या. मग पियाज्जो नावाच्या पाद्र्याने यंत्र केलं. त्यावर एक गुंडाळी उलगडायला वर्षं लागायची आणि उलगडताना ती तुटायची. त्यातूनही बरंच वाचलं गेलं हे मान्य. पण बऱ्याच गुंडाळ्यांना कुणी हात लावला नाही, अवघड होत्या म्हणून ठेवून दिल्या. २०२३ मध्ये क्ष-किरणांनी आतली घडी न उघडता टिपून, संगणकाला शाईचा माग काढायला शिकवून, एका बंद गुंडाळीतला ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द वाचला गेला. काही महिन्यांत त्याच गुंडाळीतले रकानेच्या रकाने वाचून दाखवणाऱ्या तीन तरुणांना सात लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. चिरलेल्या गुंडाळ्यांच्या चुऱ्यावर हे तंत्र काय करणार?

तुम्ही म्हणाल, त्या गुंडाळ्या मिळाल्या त्याही कुणीतरी भुयारं खणली म्हणूनच. हो. त्या प्रासादाचा बराच भाग अजून दगडासारख्या घट्ट थराखाली आहे आणि आत आणखी ग्रंथ असतील असं मानणारे अभ्यासक तो उघडा म्हणून मागणी करतात. ही मागणी मला गंभीर वाटते, कारण तिच्यामागे प्रश्न आहे: हरवलेलं ग्रीक-लॅटिन लेखन तिथे आहे का? नेमका प्रश्न घेऊन नेमक्या जागी जाणं वेगळं आणि नकाशावरचा पांढरा भाग डोळ्यांना खुपतो म्हणून तो रंगवून टाकणं वेगळं.

दुसरा मोठा आक्षेप माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे. गेल्या काही वर्षांतल्या खोदकामाने रोमन इतिहासातली न बोलणारी माणसं समोर आणली. शहराच्या तटाबाहेर चिविता जुलियाना इथल्या प्रासादात तीन खाटांची छोटी खोली मिळाली, त्यातली एक खाट लहान मुलाच्या मापाची. ही गुलामांची राहण्याची जागा, तीच अडगळीची खोलीही. शहराच्या आत एक बेकरी मिळाली, खिडक्यांना लोखंडी गज, जमिनीवर जनावरांनी गोल फिरत राहावं म्हणून कोरलेल्या खुणा. लॅटिन लेखकांनी या लोकांबद्दल स्वतः होऊन किती लिहिलं? फार थोडं. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख सापडली, आपल्या गणनेत १७ ऑक्टोबर. त्यामुळे व्हेसुव्हियस इसवी सन ७९च्या ऑगस्टमध्ये नव्हे तर शरद ऋतूत फुटला या मताला बळकटी आली. आणि मराठी माणसाने विसरू नये अशी एक गोष्ट: १९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननाचे तेव्हाचे प्रमुख अमेदेओ मायुरी यांना आबोंदान्झा रस्त्यावरच्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणायची पद्धत पडली. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. सातवाहनांच्या बाजारपेठांतून निघालेला माल कुठवर जात होता याचा याहून बोलका पुरावा नाही. खणलं नसतं तर हे कळलं असतं का?

नसतं. पण पुढचा प्रश्नही विचारा: खणून किती कळलं? मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, ते भारताच्या वायव्येकडे बोट दाखवतं. शैली दख्खनकडे ओढते. ती नेमकी कुठे घडली, तो आरशाचा दांडा होता की लाकडी सामानाचा पाय, यावर अजून एकमत नाही. या भांडणात मूर्तीइतकीच महत्त्वाची असते तिच्या शेजारची धूळ, खापर, लाकडाचा कण. मायुरींनी १९२४ पासून १९६१ पर्यंत पॉम्पेईचा प्रचंड भाग उघडला. १९५०च्या दशकात तर वेग असा की काढलेले ज्वालामुखीचे हलके खडे महामार्गाच्या भरावाला गेले, आणि उघडलेल्या कितीतरी घरांचा धड अहवाल कधी निघाला नाही. तेरला तर रीतसर खणण्याआधीच पांढरीची माती घरांच्या धाब्यांवर आणि शेतांत गेली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर गोळा करून तिथल्या वस्तू वाचवल्या, हे उपकार मोठे. तरी त्यातल्या अनेक वस्तूंचा थर आता कुणालाच सांगता येत नाही. वस्तू हाताला लागली, तिच्या भोवतालचा पुरावा गेला. नव्या खोदकामातली गुलामांची खोली एवढं बोलते, कारण ती खणणाऱ्यांनी दोरीच्या वेटोळ्याचा, खाटेच्या लाकडाचा ठसा वाचवण्याइतका वेळ घेतला. त्या गतीने २२ हेक्टर खणायला किती पिढ्या लागतील? आणि त्याहून जास्त गती घेतली तर आपण पुन्हा मायुरींच्या वाटेवर येतो.

चोरांचा मुद्दा मला निर्विवाद मान्य आहे. चिविता जुलियानात पुरातत्त्ववाले २०१७ मध्ये शिरले ते चोरांनी आधीच भुयारं पोखरली होती म्हणून, सरकारी वकिलांच्या तपासाला जोडून. तिथून खोगिरासकट घोडा आणि चित्रांनी सजवलेला चारचाकी रथ बाहेर आला; रथाच्या अगदी जवळून चोरांचं भुयार गेलं होतं. अशा ठिकाणी हातावर हात ठेवून बसणं हा गुन्हा ठरेल. तसंच पाचव्या विभागातलं २०१८चं खोदकाम: न खणलेल्या मातीचे कडे पावसात फुगतात आणि उघड्या घरांच्या भिंतींवर रेटा देतात, तो उतार सैल करायला काही भाग काढावाच लागला. अपवादांची यादी इथे संपते. पण ज्या बातम्यांवर ‘आणखी खणा’वाले उड्या मारतात त्यांतल्या बऱ्याच याच अपवादांतून आलेल्या आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

राहिला देखभालीचा प्रश्न; मला तो सगळ्यात जड वाटतो. राखेखाली पॉम्पेई जवळजवळ सतराशे वर्षं टिकलं. उघड्यावर आल्यावर त्याच्या वाट्याला ऊन, पाऊस, मुळं, कबुतरं आली. १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांचे दीडशेहून जास्त बॉम्ब पडले. १९८०चा भूकंप झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये आबोंदान्झा रस्त्यावरची स्कोला आर्मातुरारुम ही इमारत पहाटे पावसात कोसळली. तिचा वरचा भाग युद्धानंतर नव्याने बांधलेला, डोक्यावर काँक्रीटचा भार. वाचवण्यासाठी केलेला उपायच तिला जड झाला. मग युरोपीय संघाच्या मदतीने १०५ दशलक्ष युरोंची योजना आली आणि परिस्थिती खरंच सुधारली. पण ते पैसे कोसळत्या भिंती सावरण्यात गेले. एकोणिसाव्या शतकात लोकांनी वाचून उतरवून घेतलेली भिंतींवरची किती तरी लिखाणं आज फक्त त्या नकलांत उरली आहेत. चित्रांना ‘जपण्यासाठी’ लावलेल्या मेणाने चित्रं काळवंडली. अजिंठ्याच्या चित्रांवर निजामाने १९२०च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचं व्हार्निश चढवलं आणि ते पुढे पिवळं पडलं, ती याच पठडीतली हकिकत. अडाणीपणाने कुणीच केलं नाही, त्या काळातला सर्वोत्तम सल्ला घेऊन केलं. घर गळत असताना त्याला आणखी दोन खोल्या जोडणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो?

‘पण नवं निघालं तर पर्यटक येतात, पैसा येतो.’ पर्यटक कमी आहेत कुठे? २०२४ मध्ये वर्षाचा आकडा ४० लाखांवर गेला आणि नोव्हेंबरपासून दिवसाला २० हजारांची मर्यादा घालून तिकिटावर नाव छापावं लागलं. या गर्दीला बावीस हेक्टर आणखी दाखवून काय साधणार? आपल्याकडच्या सहलीत पॉम्पेईला मिळतात दोन-तीन तास: फोरम, स्नानगृह, वेश्यागृहाच्या दारातली रांग, प्लास्टरचे देह, की बस. जे आधीच उघडं आहे त्याचा दहावा हिस्साही या वेळेत कुणी बघत नाही. कुलपं लागलेल्या घरांपैकी काही पाळीपाळीने उघडली आणि तिथे माणूस बसवला, तर येणाऱ्याला ‘नवं’ शहर बघायला मिळेल, एकही फावडं न लावता.

न खणता जाणून घेण्याचे मार्गही आता कवितेतले राहिलेले नाहीत. रोमच्या उत्तरेला फालेरी नोवी नावाचं रोमन शहर आहे, तटबंदीच्या आत ३०.५ हेक्टर, वर शेतं. केंब्रिज आणि गेंट विद्यापीठांच्या लोकांनी छोट्या गाडीमागे रडार ओढत ते सगळं फिरून काढलं आणि २०२० मध्ये अख्ख्या शहराचा आराखडा छापला: देऊळ, बाजार, स्नानगृह, इमारतींच्या खालून गेलेले पाण्याचे नळसुद्धा. पॉम्पेईवर चार ते सहा मीटर राख आणि खडे आहेत, तिथे हे इतकं सहज जमणार नाही, हे कबूल. पण रडारचं वय किती? १९७४ मध्ये शियानजवळ मातीचं सैन्य बाहेर आलं तेव्हा पुतळ्यांचा रंग हवा लागताच काही मिनिटांत सोलपटून गेला. चिनी सरकारने त्यातून धडा घेतला आणि ज्या सम्राटासाठी ते सैन्य घडवलं त्याच्या समाधीची मुख्य टेकडी आजवर उघडली नाही. त्या टेकडीत काय आहे याची उत्सुकता त्यांना आपल्यापेक्षा कमी असेल का?

एक शेवटचा आक्षेप नेहमी विजयी सुरात येतो: व्हेसुव्हियस जिवंत आहे, १९४४ मध्ये फुटला होता, उद्या पुन्हा फुटला तर पुरलेलं कायमचं जाईल, म्हणून आत्ताच काढून घ्या. यात तर्क उलटा बसवलाय. मातीतल्या भागाने एक स्फोट आधीच सोसला आहे. नव्या राखेचा थर बसला तर तो आणखी खोल जाईल, एवढंच. धोका आहे तो उघड्या ४४ हेक्टरांना, ज्यांच्या भिंतींवर आता छप्पर नाही आणि ज्यांतल्या कितीतरी घरांची पुरेशी नोंदही नाही. ज्यांना ज्वालामुखीची खरंच धास्ती आहे, त्यांनी उघड्या शहरातल्या प्रत्येक खोलीचं, प्रत्येक गिलाव्याच्या तुकड्याचं मोजमाप आणि छायाचित्रण पूर्ण करण्यासाठी पैसे मागावेत, मायुरींच्या काळातले राहिलेले अहवाल लिहून घ्यावेत. फावडी त्यानंतर मागावीत.